खाबुऱ्यात आहे काय?



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. काहींना रागही येणार आहे, ते आधीच सांगून ठेवते.

गेल्या आठवड्यात आमच्या मस्कतच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एक एक्सेल फाइल आली. नाव होतं 'निवांत स्पेन'. मार्चमधल्या ईदच्या सुट्टीत चार कुटुंबं, चार रात्री, मुक्काम नेर्हा नावाच्या समुद्रकाठच्या गावात. सोबत फोटो: पांढरी घरं, निळं पाणी, खुर्चीत पाय पसरून बसलेलं कुणीतरी. मन लगेच तिकडे गेलं, खोटं कशाला बोलू. मग मी शीट उघडली. पहिल्या दिवशी मालागा विमानतळ आणि तिथून थेट शहरदर्शन. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून ग्रनाडा, कारण अल्हांब्राच्या राजवाड्यात शिरायची वेळ तिकिटावरच छापलेली असते, चुकली की गेली. तिसऱ्या दिवशी रोंदा. चौथ्या दिवशी सेव्हिल, जाऊन-येऊन. ज्या गावाच्या नावाखाली हे सगळं होतं त्या नेर्ह्याच्या वाट्याला एकूण तीन तास आले होते, आणि त्यातल्या एका तासापुढे 'शॉपिंग' लिहिलेलं होतं.

मी सीए आहे. बावीस वर्षं लोकांच्या शीट्स तपासतेय. शीटचं नाव एक आणि आतले आकडे दुसरंच सांगतायत असं दिसलं की मला पुढे सरकता येत नाही. मी तिथंच लिहिलं, "छान आहे, पण आम्ही नाही येत. आम्ही या महिन्यात खाबुऱ्याला जातोय." सात जणींनी हसरे चेहरे टाकले. एकीनं विचारलं, "खाबुऱ्यात आहे काय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय. तुम्ही न्यू जर्सीत असा, सिंगापुरात असा की मेलबर्नला, तुमच्यापासूनही दोन तासांवर असं एखादं गाव असेल ज्याची पाटी तुम्ही गाडीतून शंभरदा वाचलीय आणि जिथे कधी उतरला नाहीत.

आमची पाटी खाबुऱ्याची. मस्कतहून सोहारकडे निघालं की बरका, मुसन्ना, सुवैक, मग खाबुरा, पुढे सहम आणि सोहार. एका बाजूला ओमानचं आखात, दुसऱ्या बाजूला दूरवर हजर डोंगररांग, आणि मधे खजुराच्या बागांचा पट्टा. या सगळ्या किनारपट्टीला बातिना म्हणतात. पाऊणेदोन-दोन तासांची ड्राइव्ह. २०१८ मध्ये बातिना एक्सप्रेसवे पूर्ण झाल्यापासून तर लोक आतल्या बाजूनं सुसाट जातात, त्यांना खाबुऱ्याचा समुद्र दिसतही नाही.

आम्हीही असेच सुसाट जाणारे. जानेवारी २०१९ मध्ये दुबईला निघालो होतो. दोन दिवसांत मॉल, उंच इमारत, कारंजी, परत. तेव्हा आमची गाडी नवऱ्याच्या कंपनीच्या नावावर होती. अशी गाडी सीमेपलीकडे न्यायची तर कंपनीचं पत्र लागतं. ते पत्र मी स्वतः प्रिंट केलं होतं आणि ते घरी प्रिंटरच्या ट्रेमध्येच राहिलं. दुसऱ्यांच्या कागदपत्रांतल्या चुका काढून पोट भरणारी बाई! हे लक्षात आलं खाबुऱ्याच्या पेट्रोल पंपावर, करक चहा पिताना. नवरा दहा मिनिटं काही बोलला नाही. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, धाकटा तीनचा. तिनं विचारलं, "मग समुद्रावर तरी जाऊ या?" चहावाल्यानं हातानं दिशा दाखवली. त्या दिवसापासून आजवर आम्ही अकरा वेळा खाबुऱ्याला गेलोय.

तर, तिथे आहे काय.

सकाळी मासळी बाजार आहे. होड्या किनाऱ्यावर ओढायला पिकअप गाड्या लावतात, वाळूत चाकं रुतवत. कनआद म्हणजे आपली सुरमई. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर तिची मासेमारी बंद असते, हे माझ्या मुलाला पाठ आहे. कोकणात जून-जुलैची बंदी असते हे मात्र त्याला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. तारली वाळूवर पसरून वाळवतात, जनावरांच्या चाऱ्याला आणि शेताला खत म्हणून. वास येतो, येणारच. मुलीनं पहिल्या वेळी नाक धरलं होतं, आता वास आला की म्हणते, "पोचलो."

शाशा आहे. खजुराच्या झावळ्यांचे दांडे दोरीनं एकमेकांना बांधून केलेली छोटी होडी. तिच्यात पाणी शिरतं आणि तरी ती तरंगते, कारण पोटात खजुराच्याच देठांचे हलके तुकडे भरलेले असतात. आता ती वापरात फारशी राहिली नाही. आम्ही पाहिलेली एक घराच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती. घरातल्या म्हाताऱ्या काकांनी आम्हाला ती बघताना पाहिलं आणि आत बोलावून कहवा आणि खजूर पुढे केले. त्यांना हिंदी येत होतं. बातिनाच्या किनाऱ्यावर बलुची कुटुंबं पुष्कळ, आणि हिंदी समजणारी माणसंही पुष्कळ. मुलं त्यांना चाचा म्हणतात. सहाव्या भेटीत चाचांनी माझ्या मुलाला गाठ मारायला शिकवलं. ती गाठ त्यानं मस्कतला येऊन बाथरूमच्या नळाला मारली आणि मला कात्रीनं कापावी लागली.

आणि मंडळी, दुपार आहे. साधारण एक ते चार गावातली बहुतेक दुकानं बंद. स्पेनच्या ज्या दुपारच्या झोपेवर आपण इतक्या भाळलोय, ती इथे रोज मिळते, व्हिसा न काढता. शुक्रवारी तर जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी रस्ता असा शांत होतो की खजुरावरचे पक्षी ऐकू येतात.

सूर्य मात्र इथे समुद्रात बुडत नाही. आपल्या कोकणाच्या सवयीनं मी पहिल्या वेळी मुलांना घेऊन संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून बसले आणि सूर्य मागे डोंगरात गेला. हा किनारा ईशान्येकडे तोंड करून आहे. सूर्य समुद्रातून वर येतो, सकाळी. तेव्हापासून आमच्या घरात 'खाबुऱ्याला उठणं' म्हणजे हाक न मारता उठणं.

मेलेले खजूरही आहेत. किनाऱ्याच्या अगदी जवळच्या काही बागा सुकल्या आहेत, नुसते खांब उभे. विहिरींतून इतकं पाणी उपसलं गेलं की जमिनीखालून समुद्राचं खारं पाणी आत आलं. माझं माहेर बीड जिल्ह्यातलं, केज तालुक्यात, मांजरेच्या काठचं. आमच्याकडे बोअर आटतात, इथे बोअरला समुद्र लागतो. हे मी मुलीला त्या खांबांजवळ उभं राहून सांगितलं. भूगोलाच्या पुस्तकात तिनं ते आधी वाचलं होतं, पण प्रश्न तिनं तिथे विचारले.

पैशाचा मुद्दा लवकर संपवते, कारण माझी तक्रार मुळात पैशाची नाहीच. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला ४५. आमची मुलगी मोठ्यांत धरली जाते. म्हणजे ३१५ युरो, तेही सेवाशुल्क आणि विम्याशिवाय. जवळजवळ एकशेचाळीस रियाल नुसते अर्ज करायचे. खाबुऱ्याला पेट्रोल चाळीस लिटर, २३९ बैसा दरानं ९ रियाल ५६० बैसा. एका मज़ऱ्यात, म्हणजे शेतातल्या घरात, एक रात्र चाळीस रियाल. मासे, चहा, फळं, रोटी धरून सगळं सत्तरच्या आत. एवढं सांगून पैसे बाजूला ठेवते. ज्यांना स्पेन परवडतं त्यांनी जावं. अल्हांब्रा मलाही बघायचीय.

माझी तक्रार 'निवांत' या शब्दाची आहे.

आपण सुट्टीसुद्धा वसूल करतो. तिकिटाला इतके पडले, मग इतकी ठिकाणं झाली पाहिजेत. मुलगा हॉटेलच्या खिडकीतून नुसता बाहेर बघत बसला की आपल्याला वाटतं पैसे वाया चालले. चार दिवसांत चार शहरं करून आलो की फोटो चारशे, आणि मुलाला विचारा काय आठवतं, तर तो सांगेल बसमधली उलटी. आणि गंमत बघा, ज्या स्पेनला आपण हे करायला जातो तिथली माणसं स्वतः असं करत नाहीत. स्पेनमधली कितीतरी शहरी कुटुंबं उन्हाळ्यात आजीआजोबांच्या गावी जातात, दरवर्षी, त्याच गावी. आपल्याकडे 'गाव' म्हणतात तसं ते 'पुएब्लो' म्हणतात. तोच चौक, तोच किनारा, त्याच शेजारणी. पाहुण्यांच्या गर्दीला ते इतके कंटाळलेत की जुलै २०२४ मध्ये बार्सेलोनात मोर्चेकऱ्यांनी बाहेर बसून जेवणाऱ्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. त्यांचं विश्रांतीचं गुपित एकाच जागी परत परत जाण्यात आहे. आपण त्यांच्याकडे जाऊन नेमकं त्याच्या उलट करतो.

तुम्ही म्हणाल, आपल्यालाही गाव आहे, आपण जातो की उन्हाळ्यात भारतात. खरंच जातो का? माझ्या गेल्या वर्षीच्या तीस दिवसांचा हिशेब सांगते. पुण्यात सासूबाईंकडे बारा दिवस, त्यात बँकेचं केवायसी, दाताचा डॉक्टर, दोन लग्नं आणि एक मुंज. प्रवासात चार. खरेदीत किती गेले ते विचारू नका. माहेरी पाच. त्या पाचांतले दोन दिवस लोक भेटायला येत होते आणि मुलं हॉलमध्ये शहाण्यासारखी बसून कितवीत आहे ते सांगत होती. आम्हाला आजोळ होतं तेव्हा आम्ही तिथे दीड महिना काहीही करत नव्हतो. चिंच, विहीर, भांडणं. आजोळ म्हणजे जिथे तुमचं कुणी वेळापत्रक बनवत नाही ती जागा. आपल्या मुलांना ती जागा आपण दिलेली नाही. भारतात ती पाहुणी असतात, आणि इथे आपण त्यांना सांगत असतो की हे काही आपलं नाही, इथे आपण कमवायला आलोय.

हे 'कमवायला आलोय' माझ्या तोंडातही असतं. आपल्या दृष्टीनं ते खरंही आहे. आखातात नोकरी गेली की व्हिसा गेला, कितीही वर्षं काढा. पण मुलांचं काय? माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, त्यातली चौदा वर्षं ओमानमध्ये. तिच्यासाठी हे बालपण आहे, एकच. बारावी झाली की ती भारतात शिकायला जाईल आणि परत येईल ती व्हिजिट व्हिसावर. तिला तिथे होस्टेलमध्ये कुणी विचारेल, तू कुठली, तेव्हा ती काय सांगणार? केज? पाच दिवसांचं? मस्कतचा मॉल?

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे मला हे सगळं कळलं.

सप्टेंबर २०२१. गुलाब चक्रीवादळ २६ तारखेला आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्याचं उरलेलं पाऊसपाणी मराठवाड्यावर आलं. २८ तारखेला मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. अण्णांचं सोयाबीन काढणीला आलेलं, सगळं पाण्यात. फोनवर अण्णा एवढंच म्हणाले, "पोरी, रान दिसत नाही." आम्ही इथे टीव्हीसमोर. तो कमी दाबाचा पट्टा गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, पुन्हा वादळ झाला, आता त्याचं नाव शाहीन, आणि ३ ऑक्टोबरच्या रात्री ते बातिनाच्या किनाऱ्यावर आलं. सुवैक आणि खाबुरा यांनी सगळ्यात जास्त सोसलं. खाबुऱ्यात एका दिवसात तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. जिथे वर्षभरात शंभर पडला तरी लोक बोलतात, तिथे.

मुलगी तेव्हा अकराची. तिनं नकाशा बघितला आणि विचारलं, "आई, अण्णांच्या शेतावर आणि खाबुऱ्यावर एकच वादळ?" मी हो म्हटलं. मग ती रडायला लागली. मला वाटलं अण्णांसाठी. ती म्हणाली, "चाचांची शाशा."

मंडळी, मी तिला तोवर कधीच ओमानमधल्या कशासाठी रडताना पाहिलं नव्हतं. दुबईच्या कुठल्याही इमारतीसाठी ती रडली नसती.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पाण्याच्या बाटल्या, गाद्या, फिनेल घेऊन गेलो. आम्ही काही मोठं केलं नाही. देशभरातून माणसं फावडी घेऊन आली होती, सलालाहूनसुद्धा, ट्रक भरभरून. घराघरांतून चिखल उपसत होती. चाचांच्या घरात छातीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ होती. शाशा गेली होती. मुलीनं त्यांच्या नातीबरोबर दोन तास भांडी धुतली. परत येताना गाडीत तिनं अण्णांना फोन लावला आणि चिखल कसा काढायचा ते समजावून सांगितलं. अण्णा नुसतं हो हो म्हणत होते.

हे सगळं घडलं कारण आम्ही त्याआधी पाच वेळा तिथे काहीही न करता बसलो होतो. एका वेळेत हे होत नाही. आणि चार शहरं चार दिवसांत केली तर कधीच होत नाही.

आता माझीच बाजू उघडी करते, नाहीतर म्हणाल शहाणपणा शिकवतेय. ओमानमध्ये एप्रिल २०२१ पासून व्हॅट आहे. तिमाही संपली की तीस दिवसांत रिटर्न. म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरचे शेवट माझे नसतात. जानेवारी २०२३ मध्ये मी खाबुऱ्याच्या वाळूवर, गाडीची डिकी उघडून, तिच्यात बसून लॅपटॉपवर एका क्लायंटचा इनपुट टॅक्स जुळवत होते. मुलीनं फोटो काढला. मी, स्क्रीन, आणि माझ्या पाठीमागे समुद्र. तिनं त्याखाली काही लिहिलं नाही. तो फोटो अजून तिच्या फोनमध्ये आहे आणि तो डिलीट कर असं सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

म्हणून नियोजन. हो, निवांतपणाचंही नियोजन लागतं, फक्त ते बेरजेचं नसतं. आमचं असं असतं. गुरुवारी संध्याकाळी निघायचं नाही, तेव्हा अर्धं मस्कत रस्त्यावर असतं. शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघायचं. साडेसातला मासळी बाजार. मासे तिथेच साफ करून घ्यायचे. मज़ऱ्यावर सामान टाकायचं, नाश्ता, मग काही नाही. दुपारी जेवण, मग झोप, मोठ्यांनाही सक्तीची. चारनंतर समुद्र. ओहोटीला वाळू रुंद होते आणि गावातली मुलं फुटबॉल खेळायला येतात. शनिवारी सूर्योदय, चहा, आणि एकच गोष्ट: एखाद्या वेळी वादी हवासिनाच्या बाजूला डोंगराकडे चक्कर, एखाद्या वेळी तीही नाही. अकराला आवरून दीडपर्यंत घरी, म्हणजे रविवारच्या शाळेचे डबे आणि युनिफॉर्म यांवर भांडायला संध्याकाळ मोकळी.

ऑक्टोबर अखेर ते मार्च एवढाच काळ. उन्हाळ्यात बातिनाला घामानं जीव जातो, तेव्हा कुणाचं ऐकून जाऊ नका. पाण्यात मुलांना गुडघ्यापलीकडे सोडू नका, तिथे जीवरक्षक नसतात. डोंगराकडे ढग दिसले तर वादीत उतरायचंच नाही, आणि वाहत्या वादीत गाडी घालणं हा ओमानमध्ये गुन्हा आहे, बहादुरी नव्हे. गावाचा किनारा आहे, हॉटेलचा नाही, तेव्हा कपडे अंगभर, आणि बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत. आपला कचरा आपल्या डिकीतून परत. गेल्या वर्षी एका कुटुंबाला मराठीत बोलताना ऐकून आनंदानं त्यांच्याकडे गेले, तर मागे चिप्सची पाकिटं उडत होती. ओळख न देताच परत आले.

"मुलं बोअर होतात." हो, होतात. पहिले तीन तास माझा मुलगा दर पंधरा मिनिटांनी 'आता काय' विचारतो. मी म्हणते, माहीत नाही. चौथ्या तासाला तो कालवा खणायला लागतो. एकदा त्यानं दुपारभर खणलेला कालवा भरतीनं अर्ध्या मिनिटात बुजवला, आणि तो इतका हसला की त्या गावच्या पोरांनी त्याला खेळायला बोलावलं. त्याला अरबी येत नाही, त्यांना मराठी. त्यांनी त्याला गोलकीपर केलं. जगभर नवख्याला गोलकीपरच करतात.

"आम्हाला वेळच नसतो." यावर मी थोडी कडक बोलणार आहे. खाबुऱ्याच्या पंपावरचा तो चहावाला केरळचा आहे. त्याची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. दोन वर्षांतून एकदा तो गावी जातो. माझ्या मुलीला तो दर वेळी विचारतो, "मोळे, कितवीत आता?" आणि मग काही क्षण गप्प बसतो, बहुतेक मनातल्या मनात आपल्या मुलीची इयत्ता मोजत असावा. आपण मुलांना बरोबर ठेवू शकणारे भाग्यवान. एकाच घरात राहून शुक्रवार-शनिवार त्यांना क्लासला सोडायला आणि आणायला आपण वापरतो. अबॅकस, कोडिंग, कीबोर्ड, फाउंडेशन. गाडीत तुम्ही पुढे, ते मागे, कानात हेडफोन. याला आपण मुलांसाठी राबणं म्हणतो.

मी बसून मोजलं. मुलगी मे २०२७ मध्ये घर सोडेल असं धरलं तर साधारण ७२ वीकेंड उरलेत. त्यातून भारतातली सुट्टी सात. परीक्षा आणि प्रीबोर्ड चौदा. बोर्डाचे आठ. उन्हाळ्याचे, जेव्हा बाहेर बसता येत नाही, चौदा. माझ्या टॅक्सच्या तारखांचे पाच. उरले चोवीस. हे चोवीस बरोबर आहेत का म्हणून मी शीट दोनदा तपासली. आणि त्या चोवीसही शनिवारी सकाळी नऊ ते बारा फिजिक्सचा क्लास आहे.

तो क्लास चांगला आहे, शिकवणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. नवऱ्याचं म्हणणं असं, की स्पर्धेच्या वर्षात महिन्याला एक शनिवार बुडवला तरी फरक पडतो, आणि समुद्र काय पळून जात नाही. त्याचा मुद्दा चुकीचा नाही. समुद्र पळून जाणार नाहीच. मी त्याला म्हटलं, पळून जाणारी दुसरीच कुणीतरी आहे. त्यावर तो उठून गॅलरीत गेला. आमचं अजून ठरलेलं नाही. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "महिन्यातून एक चालेल, पण नोट्स कुणाच्या घ्यायच्या ते मी बघते, तुम्ही कुणाला फोन करू नका." तिला तो क्लास सोडायचा नाहीये आणि खाबुराही सोडायचा नाहीये, आणि हे दोन्ही तिनं आमच्यापेक्षा शांतपणे सांगितलं.

तर ज्या मैत्रिणीनं विचारलं तिला एवढंच, की ये आणि बघ. स्पेनची तिकिटं रद्द करू नकोस. फक्त त्या शीटमधून रोंदा आणि सेव्हिल काढ आणि नेर्ह्याला दोन अख्खे दिवस दे, मुलांना तोच किनारा दोनदा बघू दे. आणि त्याआधी एक शुक्रवार आमच्याबरोबर ये. आमच्याकडे चटया जास्तीच्या आहेत, विळी आहे, सोलकढीचं सामान मी आणते. भात तुझ्याकडे.

३० जानेवारीला शुक्रवार आहे, आणि त्याच दिवशी व्हॅट रिटर्नची शेवटची तारीख. या वेळी मी २८ लाच भरणार आहे, क्लायंटना कळवून झालंय. लॅपटॉप घरी. पहाटे साडेपाचला घुब्र्याच्या सिग्नलजवळच्या पंपावर भेटू. फिजिक्सच्या सरांना अजून कळवायचंय. नवऱ्यालाही.